ज्यू संगीतकारांची चेंबर मालिका करतोय. सुरुवात कोणापासून करावी?

व्हायोलावाली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्यात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमची चौकडी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेदहाला चेंबर म्युझिक वाजवते. पहिलं व्हायोलिन एक अंकल, मूळचे गोव्याचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवण्यात घालवली. दुसऱ्या व्हायोलिनवर दातांची डॉक्टर, चेलोवर आयटीतला एक मुलगा, आणि व्हायोला मी. मीही लहानपणी व्हायोलिनच शिकले. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा हात साफ करायला घेतला, आणि व्हायोला कोणीच घेईना म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. श्रोते तीस-पस्तीस, पावसाळ्यात बारा. तिकीट नाही. दाराशी एक डबा असतो, त्यातून हॉलचं भाडं आणि चहा निघतो. पंखा लावला की नोटेशनची पानं उडतात, म्हणून स्टँडला कपड्यांचे चिमटे लावतो. एप्रिलमध्ये श्रोत्यांनी मत घेऊन पंखा बंद केला होता, तेव्हा चिमट्यांची गरज पडली नाही पण डॉक्टरीणबाईंची हनुवटी घामानं व्हायोलिनवरून घसरत होती.

आता मुद्दा. ऑक्टोबर ते जानेवारी चार कार्यक्रम ज्यू संगीतकारांवर करायचं चाललंय. खूळ चेलोवाल्या मुलाचं. तालमीच्या मध्ये त्यानं मोबाइलवर वॉल्टर कॉफमन ऐकवला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कॉफमन १९०७ साली कार्ल्सबादला जन्मला, प्राग आणि बर्लिनला शिकला आणि १९३४ मध्ये बोटीनं मुंबईत उतरला. जर्मनीत हिटलर येऊन वर्ष झालं होतं. काही महिन्यांतच त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिनचे वडील), चेलोवर एजिदिओ वेर्गा नावाचा इटालियन. मे १९३७ मध्ये त्यांचा १३६ वा कार्यक्रम झाला. तीन वर्षांत एकशे छत्तीस! आमचे चार वर्षांत सदतीस झालेत, तर आम्ही एकमेकांना पेढे वाटले. पुढे तो १९३७ ते १९४६ मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख होता, आणि आकाशवाणीची ती ओळखधूनही त्याच्याच नावावर सांगितली जाते.

तर ढोबळ आखणी अशी: फेलिक्स आणि फॅनी मेंडेल्सझोन ही भावंडं, मग प्रागचा एर्विन शुलहोफ, मग नाझींच्या तेरेझिन छळछावणीत लिहिलेलं संगीत, शेवटी कॉफमन. तेरेझिन जानेवारीच्या शेवटच्या रविवारी घेता आलं तर बरं, २७ जानेवारीच्या आसपास (आउश्वित्झची छावणी मुक्त झाली तो दिवस).

अडचणी तीन. पहिली, कमिटीतले एक सद्गृहस्थ म्हणतात मेंडेल्सझोन ख्रिश्चन होता, तो कसा चालेल? दुसरे म्हणतात, आत्ताच्या बातम्या बघता हा विषयच कशाला? दुसरी, कॉफमनचं नोटेशन मिळतं कुठे? आणि तिसरी आमचे श्रोते. मागच्या महिन्यात तेरेझिनमधल्या गिडेऑन क्लाइनच्या ट्रायोची (तिघांसाठीची रचना) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, चाखायला म्हणून वाजवली. जेमतेम अडीच-तीन मिनिटांची आहे. संपल्यावर पहिल्या रांगेतले काका उभे राहिले आणि अगदी मनापासून विचारलं, "ताई, राग कोणता होता?" त्यांना काय सांगायचं?

मंद्रसप्तक

वा, मजा येणार. मुंबईत हौशी चेलो वाजवतो, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो.

फेलिक्सचं कुठलं घेताय? एफ मायनर क्वार्टेट (चौघांसाठीची रचना), ओपस ८० असेल तर दोनदा विचार करा. फॅनी मे १८४७ मध्ये अचानक गेली, त्यानंतर त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये त्यानं ते लिहिलं आणि नोव्हेंबरात तो स्वतःच गेला. पहिल्या ओळीपासून सगळ्यांना ट्रेमोलो, म्हणजे एकाच सुरावर गज भराभर पुढेमागे. आम्ही एकदा घरी वाचून बघितलं, तिसऱ्या पानावर माझा उजवा हात दगड झाला. रागानं लिहिलेलं संगीत आहे, हौशी चौकडीनं नुसतं वेगात वाजवलं तर भांडण झाल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा फॅनीचं १८३४ चं ई-फ्लॅट क्वार्टेट घ्या. भावानं पत्रातून त्याच्या बांधणीला नावं ठेवली, बाईंनी पुन्हा क्वार्टेट लिहिलंच नाही, आणि ते छापून यायला १९८८ उजाडलं. दीडशे वर्षं कपाटात! शिवाय बर्लिनमधल्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी बाई स्वतः मैफली भरवायच्या. तुमचाही रविवार सकाळच. ओळख करून द्यायला आणखी काय हवं?

शुलहोफची 'पाच तुकडे' (१९२३) असणार, बरोबर? त्यात श्रोत्यांना धरून ठेवायला भरपूर आहे. पहिला म्हणे व्हिएन्नाचा वॉल्ट्झ, पण लिहिलाय सम मात्रांत, म्हणजे तीनचा नाच दोनच्या चौकटीत कोंबलाय. पाय ठेका धरायला जातो आणि अडखळतो. दुसरा पाच मात्रांचा. तुमच्या काकांना सांगा, अर्धा झपताल आहे, हातावर टाळी देऊन बघा. शेवटून दुसरा टँगो. तो तुमचे अंकल झोपेत वाजवतील. जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी असले किती टँगो वाजवले असतील!

आणि पावेल हासचं दुसरं क्वार्टेट (१९२५) विसरू नका. चेक संगीतकार यानाचेकचा शिष्य. नाव 'माकडांच्या डोंगरातून'. मोराव्हियातल्या त्या डोंगराळ भागाला लोक गमतीनं तसं म्हणायचे, तिथे सुट्टी घालवून आल्यावर लिहिलंय. सगळं झेपणार नाही, अर्ध्या तासाचं आहे. पण दुसरी मूव्हमेंट घ्या: गाडी, गाडीवान आणि घोडा. सगळी वाद्यं सूर घसरवत करकरतात, चाकाला तेल नसलेली गाडी चढावर निघाल्यासारखी. बैलगाडीत बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

बेसूर_पण_हौशी

हासच्या शेवटच्या मूव्हमेंटला ड्रम्स आहेत ना? ढोलकी लावा. मी येतो. 🙂

मंद्रसप्तक

ड्रम्स ऐच्छिक आहेत. तुम्हीही ऐच्छिक आहात.

उगाच_काडी

मी जरा काडी टाकतो, नावाला जागून.

संगीतकारांना जातीधर्मानं वेगळं काढून मालिका कशाला? उद्या 'ब्राह्मण गायक' किंवा 'मराठा तबलजी' अशी मालिका कराल का? चांगलं संगीत असेल तर नुसतं वाजवा. मेंडेल्सझोन सात वर्षांचा असताना बाप्तिस्मा झाला, १८१६ साली. आयुष्यभर लुथरन म्हणून जगला, चर्चसाठी लिहिलं. त्याला ज्यू म्हणणारे कोण होते ते आठवा. लायप्झिगमध्ये त्याचा पुतळा होता, गेवांडहाउस या कॉन्सर्ट हॉलसमोर, १८९२ चा. नोव्हेंबर १९३६ मध्ये महापौर बाहेरगावी गेलेला बघून नाझींनी तो रातोरात हलवला. महापौर गोर्डेलर परत आला, पुतळा परत बसवा म्हणाला, कोणी ऐकेना, तेव्हा त्यानं पद सोडलं. म्हणजे तुमची यादी आणि त्यांची यादी सारखीच निघाली की!

बाकी उपक्रमाला शुभेच्छा. मनापासून.

व्हायोलावाली

काडी बरोबर जागी पडली हो. दोन दिवस डोक्यात होतं, पोळ्या लाटतानासुद्धा.

तुमची तुलना मला पटत नाही, कारण ब्राह्मण गायकांचं गाणं रेडिओवर कोणी बंद केलं नव्हतं. ज्यांना यादी करून बाजूला काढलं, त्यांना परत आणायचं तर ती यादी हातात घ्यावीच लागते. नाहीतर कोण गायब आहे तेच कळत नाही. शुलहोफ किंवा हास तुम्ही आधी ऐकला होता का? मी नव्हता. साठ वर्षांची आहे, त्यातली वीस तरी हे संगीत ऐकण्यात गेलीत. ते दोघे वाईट लिहितात म्हणून नव्हे, त्यांची नोटेशनं वाजवणारी आणि आठवण ठेवणारी माणसंच उरली नाहीत म्हणून.

पण मेंडेल्सझोनबद्दल हार मानते. त्याला 'ज्यू संगीतकार' असं लेबल लावून उभा करणार नाही. तो मोझेस मेंडेल्सझोन या ज्यू तत्त्वज्ञाचा नातू, आणि त्याचा पुतळा का हलवला, एवढंच सांगीन. २००८ मध्ये त्याची प्रतिकृती पुन्हा उभी राहिली, हेही. तुमचा महापौर मी उचलते, चालेल ना?

बातम्यांचं म्हणाल तर कमिटीतल्या गृहस्थांना मी तारखा दाखवल्या. फॅनी आणि फेलिक्स १८४७ मध्ये गेले. क्लाइन, हास, उलमान, क्रासा हे चौघेही संगीतकार १६ ऑक्टोबर १९४४ च्या एकाच गाडीनं तेरेझिनहून आउश्वित्झला रवाना झाले. तिघांना तिथे पोचल्यावरच मारलं. क्लाइनला कोळशाच्या खाणीवर पाठवलं आणि जानेवारी १९४५ मध्ये तो गेला, पंचविशीत. शुलहोफ तर कट्टर कम्युनिस्ट, मार्क्स-एंगेल्सच्या जाहीरनाम्याला त्यानं चाल लावली होती. सोव्हिएत नागरिकत्व घेतलेलं, म्हणून त्याला पकडून बव्हेरियात वुल्झबुर्गला डांबलं. तिथे १९४२ मध्ये क्षयानं मेला. यातल्या कोणीही १९४८ साल, म्हणजे इस्राएलची स्थापना, पाहिलेलं नाही. गृहस्थ म्हणाले, "बरं, पण भाषण आवरतं ठेवा." तेही बरोबरच आहे.

नवगाव_ते_लोद

शालोम आणि नमस्कार ताई. मी बेने इस्राएल. आजोबा अलिबागजवळच्या नवगावचे, माझा जन्म भायखळ्याचा, आता पस्तीस वर्षं इस्राएलमधल्या लोदमध्ये. इथे बाजारात गेलं की कोथिंबिरीचा भाव मराठीत करता येतो.

एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे श्रोत्यांचा गैरसमज नको. तुम्ही वाजवणार ते युरोपातल्या ज्यूंचं संगीत. आमच्या घरात त्यातलं काही नव्हतं. आमच्याकडे कोकणात तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद, म्हणून गाव 'शनवार तेली' म्हणायचं. गाणं म्हणाल तर मलिद्याच्या (आमचा नवस-आभाराचा विधी) वेळी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, समोर पोहे-खोबऱ्याचं ताट. आणि कीर्तन! हो, कीर्तन. एकोणिसाव्या शतकात आमच्या लोकांनी मराठीत कीर्तनं रचली. बुवा तेच, झांजा त्याच, आख्यान मात्र योसेफाचं नाहीतर मोशेचं. माझी आजी मेंडेल्सझोनचं नाव न ऐकताच गेली, आणि तिला ज्यू संगीत काय असतं ते पक्कं माहीत होतं.

हास नावाच्या माणसाची गाडी-घोड्याची मूव्हमेंट वाचून हसू आलं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आमचे लोक एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. लहानपणी मी त्यात बोट घालून बघितलंय. ती मूव्हमेंट वाजवलीत तर रेकॉर्डिंग पाठवा.

कार्यक्रम रविवारी ठेवलाय ते उत्तम. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, तेव्हा पुण्यातले आमचे लोक आले नसते. लाल देवळाकडे (तेही ज्यूंचंच प्रार्थनास्थळ) किंवा रास्ता पेठेतल्या आमच्या प्रार्थनास्थळाकडे निरोप पाठवा, कोणीतरी नक्की येईल. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे आमचे मोठे सण बहुधा आटपलेले असतात.

आणि हात जोडून एक विनंती. तेरेझिनचा कार्यक्रम दुखवट्यासारखा करू नका. काळे कपडे, मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता, मग सगळे गंभीर चेहऱ्यानं चहा पितात. त्यात संगीत कोणाला ऐकूच येत नाही.

व्हायोलावाली

ताई, मेणबत्त्यांची ऑर्डर खरंच दिली होती. रद्द केली.

आणि खरं सांगू? क्लाइनचा ट्रायो वाजवताना तो दुखवट्याचा वाटतच नाही. मधली मूव्हमेंट सगळ्यात मोठी, एका मोराव्हियन लोकगीतावर रचलेली. तेच गीत वेगवेगळे कपडे घालून येतं. तिथे गळ्याशी येतं खरं. पण शेवटची इतकी खोडकर आहे की आम्ही तिघं (डॉक्टरीणबाईंना सुट्टी) एकमेकांच्या मागे पळत सुटतो. गाडीत चढवण्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी त्यानं ती पुरी केली. हे मी आधी सांगू की नंतर, एवढंच ठरत नाहीये. आधी सांगितलं तर लोक तारीख ऐकतील, सूर नाही.

मंद्रसप्तक

नंतर. नक्की नंतर. आणि मग शेवटची मूव्हमेंट पुन्हा वाजवा.

कलम_बावन्न

संगीतातलं काही कळत नाही, पण कॉपीराइटचं काम करतो म्हणून.

आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. शुलहोफ, हास यांच्या हयातीत छापलेल्या कामांची ती केव्हाच संपली. पण क्लाइनचा ट्रायो मरणोत्तर प्रसिद्ध झालाय, आणि मरणोत्तर कामांची साठ वर्षं प्रसिद्धीच्या सालापासून मोजतात. त्यामुळे 'बिचारा १९४५ मध्ये गेला, आता फुकट' असं समजू नका. कॉफमन १९८४ मध्ये गेला, त्याचे हक्क अजून बरीच वर्षं चालू आहेत. नोटेशनच्या झेरॉक्स मारू नका, पार्ट विकत घ्या.

वादनापुरती मात्र सोय आहे. कायद्याच्या बावन्नाव्या कलमात हौशी क्लबनं पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तुमचं तिकीट नाही हे चांगलं. पण तो दाराशी ठेवलेला डबा… या चार महिन्यांपुरता आत, चहाच्या टेबलावर न्या, आणि चहासाठी असं मोठ्या अक्षरात लिहा. दारात पैसे आणि आत संगीत, हे दिसायला बरं नाही.

व्हायोलावाली

लोकहो, दीड महिन्यानं येतेय. तालमी सुरू झाल्यात, त्यात पोस्ट राहून गेली.

डबा चहाच्या टेबलावर गेला. पहिल्याच महिन्यात त्यात दुप्पट पैसे पडले. 'कलम_बावन्न', तुम्हाला माझ्याकडून एक पेढा.

क्रम उलटा केला. कॉफमन पहिला, ऑक्टोबरात. कारण तुम्हा सगळ्यांना वाचून लक्षात आलं की आमच्या काकांच्या प्रश्नाला उत्तर देणारा तोच एक माणूस आहे. त्यानं युरोपात असताना आपल्या संगीताची पहिली तबकडी ऐकली तेव्हा त्याला ते अगदी परकं, काहीच न कळणारं वाटलं होतं. मग त्यानं विचार केला की लाखो माणसं ज्यावर प्रेम करतात ते संगीत कळत नाही, तर दोष आपलाच असणार. तेव्हा जिथलं आहे तिथे जाऊनच शिकावं. आणि शिकला! पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक असताना १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. काकांना फोन करून हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे मीच तिकडे जायचं का?" मी म्हटलं, नको, तुम्ही पहिल्या रांगेत या.

नोटेशनसाठी ब्लूमिंग्टनला त्याच इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयाला लिहिलंय, त्याचे कागद तिथे आहेत. अकरावं क्वार्टेट मिळालं तर वाजवू. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलचं २०२० चं रेकॉर्डिंग ऐकून सगळ्यांनी मनाची तयारी करून ठेवलीय. नाहीच मिळालं तर त्या सकाळी रेकॉर्डिंग ऐकवू आणि आम्ही मेहली मेहतांच्या काळात त्यांच्या सोसायटीला शोभलं असतं असं हायडन वाजवू. कमीपणा कसला त्यात.

आणि सुरुवातीला अंकल एकट्यानं आकाशवाणीची धून वाजवणार आहेत. मागे तंबोऱ्याचं ॲप. शिवरंजनीच्या सुरांवर आहे, त्यामुळे काकांना यावेळी उत्तर तयार. परवा तालमीत अंकलनी ती कागदाशिवाय काढली. इतकी वर्षं कानात होती, म्हणाले, पण कधी कोणी वाजवायला सांगितली नाही. दुसऱ्या वेळेला वाजवत होते तर खालचा वॉचमन जिना चढून वर आला. दारातून डोकावून म्हणतो, "रेडिओ कुणी लावला? वाचनालयाची वेळ आहे." अंकलनी व्हायोलिन दाखवलं. तो तिथेच चपला काढून बसला आणि तिसऱ्यांदा वाजवायला लावली.

तेरेझिन जानेवारीतच. क्लाइनची हकीकत नंतर सांगणार आणि शेवटची मूव्हमेंट पुन्हा. हासची गाडी करकरतेय, पण आमची करकर आणि त्याची करकर अजून वेगळी काढता येत नाही. फॅनी नोव्हेंबरात, शुलहोफ डिसेंबरात. फेलिक्स या वर्षी नाही, 'मंद्रसप्तक' यांच्या उजव्या हाताला वंदन. पुतळ्याची गोष्ट फॅनीच्या कार्यक्रमात येईल.

नवगाव_ते_लोद

वॉचमनदादांना माझा नमस्कार. एक विचारू? ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे तुमच्याकडे लक्ष्मीपूजन नाही ना? मी इथल्या मराठी कॅलेंडरात बघितलं.

व्हायोलावाली

अगं बाई!

उगाच_काडी

सगळ्यांचे सण बघितले, आपला तेवढा राहिला. 😄

व्हायोलावाली

हसा. वाचनालयाला फोन केला, नोव्हेंबरचा पहिला रविवार रिकामा आहे. त्या दिवशी हॉलमध्ये आधी लहान मुलांची चित्रकला आहे, म्हणजे जमिनीवर रंग सांडलेले असणार. जुनी वर्तमानपत्रं घेऊन या कोणीतरी.